दहा महिने कळ काढण्याबद्दल

इंदूर

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी ही नोकरी सोडून दुसरी धरतेय म्हटल्यावर रविवारी बाबा एवढंच म्हणाले, "दहा महिने कळ काढ, मग सोड," आणि फोन आईकडे दिला. तेव्हापासून चैन नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुमचा हिशोब बरोबर आहे. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या एकरकमी पैशांना, सलग पाच वर्षं लागतात, माझी चार वर्षं दोन महिने झालीत. ते पैसे जाणार. पीएफ मात्र यूएएनमुळे, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या क्रमांकामुळे, सोबत येतो. तुम्ही १९७९ साली लागलात तेव्हा मागे पेन्शन उभी होती. १ जानेवारी २००४ पासून केंद्रात नव्यानं लागणाऱ्यांची ती जुनी सोय बंद झाली, आणि मी तर खासगीत. आज नवं शिकले नाही तर पंचेचाळिशीत मला कोण विचारेल, ही माझी धास्ती. इथे दोन वर्षं तोच रिपोर्ट करतेय.

गेल्या महिन्यात एका तेवीस वर्षांच्या मुलाची मुलाखत घेतली. पगाराआधी त्यानं विचारलं, "माझ्या चुका मला कोण दाखवेल?" मग, "शनिवारी सुट्टी असते ना?" तुमचे शनिवार आठवून मला रागच आला. विजयनगरच्या ऑफिसातून घरी येईपर्यंत तो निवला. गैर काय मागितलं त्यानं? उलट आमच्यातल्या पन्नाशीच्या काकांना शाबासकी नकोच असते. निर्णयाआधी त्यांचं मत घेतलं नाही, की दिवसभर गप्प. परवा मुद्दाम विचारलं, तर रात्री साडेआठपर्यंत थांबून त्यांनी काम मार्गी लावलं.

दिवाळीत ग्वाल्हेरला जनकगंजच्या घरी पत्र्याची ट्रंक आवरताना तुमच्या १९९६च्या अर्जाची कार्बन कॉपी सापडली. "पारिवारिक कारणों से पदोन्नति स्वीकार करने में असमर्थ हूँ." बढतीसोबत बदली होती, आणि आजी अंथरुणाला खिळलेली. आई म्हणाली, "त्या रात्री हे जेवले नाहीत. सकाळी डबा घेऊन नेहमीसारखे निघाले." आणि मी इतकी वर्षं समजत होते, की तुम्ही पेन्शनसाठी एका खुर्चीला चिकटून राहिलात. बाबा, कधी बोलला का नाहीत?

नव्या ठिकाणी पगार जवळपास तेवढाच आहे, पण काम नवं, आणि गुरुवार-शुक्रवार घरून करता येतं. बुधवारी रात्रीच्या गाडीनं ग्वाल्हेर गाठता येईल. आई, पुढच्या खोलीतलं बाबांचं टेबल खिडकीपाशी सरकवून ठेवशील?

तुमची लेक