शूलपाणीच्या झाडीला लुटारूंची म्हणू नका

संपादक साहेब, नमस्कार.

परवाच्या पुरवणीतला नर्मदा परिक्रमेवरचा लेख वाचला आणि डोकंच फिरलं. शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे नर्मदाकाठच्या जंगलात, लूट होते, त्यापेक्षा खेतिया-शहादा-प्रकाशा-तळोदा रस्ता सुरक्षित, असं छापून मोकळे झालात. लिहिणारा यातलं थोडंफार तरी पायी चाललाय का?

रस्ता सुरक्षित आहे तो बसने परिक्रमा करणाऱ्यांना. देवउठनी एकादशीनंतर लोक परिक्रमा उचलतात आणि त्याच सुमारास आमच्याकडे उसाचा हंगाम सुरू होतो, मग रस्त्यावर अंधारात डबल ट्रॉल्या, मागे ना लाईट ना रेडियम, साईडपट्टीवर नुसते खड्डे. मी शहाद्यात राहतो, रोज बघतो. म्हातारी माणसं काठी टेकत त्या ट्रॉल्यांना खेटून चालतात तेव्हा जीव खालीवर होतो. बरं, नर्मदा मैय्या तिथून कितीतरी लांब, प्रकाशाला दिसते ती तापी.

गेल्या माघात मी आणि माझा साडू सॅक पाठीला लावून झाडीतून बिलगावकडे निघालो होतो. किनाऱ्याची जुनी वाट सरदार सरोवरात गेली, २०१९ ला धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं, आता वाट डोंगरावरून आहे आणि नाल्यानाल्यात बॅकवॉटर घुसलंय, समोर दिसणारं गाव गाठायला अख्खी टेकडी फिरून जावं लागतं. दिवस मावळायला वाट फुटली, कुठली धरायची कळेना. एक पावरा आदिवासी पोरगं बकऱ्या घेऊन परत चाललं होतं, ते म्हणालं खाली नका जाऊ, गाळ आहे, माणूस कमरेपर्यंत रुततो. पाणी ओसरलं की वरून सुकलेला दिसतो तो गाळ, आम्हाला काय माहीत. मग घरी घेऊन गेलं. कुडाचं घर, आजीने मक्याची भाकर आणि आमचूर घातलेली उडदाची डाळ पळसाच्या पानावर वाढली. सकाळी साडूने पाचशेची नोट पुढे केली तर आजीने दोन्ही हात मागे घेतले, पावरीत काहीतरी बोलली. पोरगं म्हणे, परिक्रमावाल्याचे पैसे आजी नाय घेत. मग डोंगराच्या धारेपर्यंत सोबत आलं, पाणी कुठे मिळेल ते दाखवून परत गेलं.

या माणसांना तुम्ही लुटारू छापता? पूर्वी लूट व्हायची, जुन्या परिक्रमावासीयांनी लिहून ठेवलंय, मी नाकारत नाही. पण आज तिथे घराघरात सदावर्त चालतं, तेही धरणात स्वतःची शेतं गेलेल्या लोकांकडून. त्याच धरणात बुडालेलं मणिबेली गाव आठवतं का तुम्हाला?

झाडी अवघड आहे असं लिहा ना, खरंच आहे. मोबाईलला रेंज नाही, फाल्गुनानंतर नाले आटतात, गावातला माणूस सोबत घेतल्याशिवाय पुढचं खोरं ओलांडू नये, हे छापलं असतं तर चालणाऱ्याच्या कामी आलं असतं.

लूट होते हे वाक्य मागे घ्या, आणि पुरवणीतच घ्या, आतल्या पानावर कोपऱ्यात नको. आणखी एक, नकाशात अक्राणी आणि धडगाव असे दोन तालुके दाखवलेत. तालुका अक्राणी, त्याचं मुख्यालय धडगाव. नंदुरबार जिल्हा होऊन १९९८ पासून इतकी वर्षं झाली, एवढं तरी बरोबर छापा.

एक वाचक, शहादा