बटाट्याला गाव आहे, मसुराला का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

होळीच्या आदल्या रविवारी बेळगावात आमच्या शहापुरातल्या घरी दहा-बारा जणांना रात्री जेवायला बोलावलं होतं. अट एकच: प्रत्येकानं एक पदार्थ करून आणायचा आणि वाढताना त्यातला जिन्नस कुठला ते सांगायचं. गंमत म्हणून ठरवलेलं, पण निम्मी पंगत पहिल्याच वाढपाला अडखळली.

भाताचं सोपं होतं. येळ्ळूरच्या मावशींनी घरचा बासमती रांधून आणला होता. झाकण काढलं तसा वास सोप्यापर्यंत गेला. चटणीतली मिरची संकेश्वरी, आंबिलीची नाचणी खानापूरकडची. कुंदा गावचाच, पण त्यातली साखर कुठल्या कारखान्याची, म्हटल्यावर आणणारे गृहस्थ हसून गप्प बसले. भजी तळलेलं पामतेल इंडोनेशिया-मलेशियाकडचं आणि आमटीतला हिंग अफगाणिस्तानचा, हे नववीतल्या पुतण्यानं ऐकवलं.

आमटी माझी होती, अख्ख्या मसुराची. आपल्याकडे भात कापला की त्याच ओलीवर शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात मसूर पेरतात, त्यामुळे मी बेधडक सांगितलं, "आपल्या इथलाच." मावशी काही बोलल्या नाहीत. जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात गेल्या, डब्यातले चार दाणे तळहातावर घेतले, अंगठ्यानं फिरवले आणि म्हणाल्या, "हा आमच्या शिवारातला न्हवं. आमचा बारीक असतो." दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन पोतं बघितलं. कॅनडा! बाहेरून मसूर येतो हे वाचलेलं होतं. तो आपल्याच डब्यात आहे हे कुठं ठाऊक होतं? दुकानदाराला बोल लावत नाही. सुटा माल घेताना मीही फक्त दरच विचारत आलो. पाकीटबंद आयात मालावर देशाचं नाव छापावं लागतं, पोत्यातून मापून दिलेल्या मालाबरोबर ते घरी येत नाही.

म्हणून आपल्याला एक विनंती. बाजारभावात आपण इंदूर बटाटा, आग्रा बटाटा, महाराष्ट्र कांदा असं ठिकाणासह छापता. वाचणाऱ्याला त्यातून दरही कळतो आणि मालही. मग मसूर, तूर, हरभऱ्यापुढे नुसता आकडाच का? इथला जवारी मसूर आणि बोटीनं आलेला मसूर वेगवेगळ्या ओळीत आले, तर येळ्ळूरच्या शेतकऱ्याला स्वतःच्या मालाचा दर तरी दिसेल. आज दोन्ही एकाच आकड्याखाली जातात, आणि त्यात कुणाचा दर पडतो हे मावशींना विचारावं लागत नाही.

पुढची पंगत दिवाळीनंतर, नव्या भाताला. मसूर या खेपेला मावशींकडूनच घेतला आहे, पाच किलो.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव