घडीचा चाकू घेताना पोलादाच्या नावाआधी पात्याची जाडी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत खिशात मावणाऱ्या नव्या घडीच्या चाकूंची ओळख करून देणारा लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात हत्यारे-अवजारे या विषयावर लिहून येणे दुर्मिळ, म्हणून आधी मनापासून आभार. पण लेखाचा सगळा भर पोलादाचे नाव, मुठीचा रंग आणि एका हाताने पाते उघडण्याची सोय यांवर होता. तो चाकू कापतो कसा, बोटांवर मिटू शकतो का, आणि कैरी चिरल्यावर आतून धुता येतो का, हे त्यात कुठेच नव्हते. चाकू विकत घेणाऱ्याला आणि उद्या आपल्या इंदुरात कोणी तो बनवायला घेतला तर त्यालाही नेमके हेच माहीत असायला हवे, म्हणून हे सविस्तर पत्र.

पहिली गोष्ट जाडीची. नव्या घडीच्या चाकूंपैकी बऱ्याच चाकूंच्या पात्याची पाठ साडेतीन ते चार मिमी जाड असते. हातात घेतल्यावर तो दणकट वाटतो आणि तेवढ्यावर विकला जातो. प्रत्यक्षात अशा पात्याने पेरू चिरला जात नाही, फाकतो. गाजर शेवटी कट्‌कन तुटते. ७० ते ७५ मिमी लांबीच्या पात्याला पाठीकडे २ ते अडीच मिमी जाडी भरपूर झाली, कारण खिशातल्या चाकूने कोणी दार उचकटायचे नसते. ‘ओपिनेल’ हा फ्रान्समधल्या सावोआ भागातला चाकू १८९० पासून जवळजवळ त्याच रूपात बनतो आहे. त्याच्या आठ नंबरच्या चाकूचे पाते साडेआठ सेंटिमीटर लांब आणि चांगलेच पातळ आहे, आणि शेतकऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत सगळीकडे ते पुरून उरले आहे.

पाठीच्या जाडीपेक्षाही महत्त्वाची असते ती धारेच्या लगेच वरची जाडी. ती ०.३ ते ०.५ मिमी असावी. ०.८ मिमी झाली की दर वेळी जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की पाते घसरून हाताला लागते. दुकानात व्हर्नियर (बारीक जाडी मोजायचे साधन) लावून मोजणे शक्य नसेल तर धारेची चकाकणारी पट्टी पाहावी. दर बाजूला २० अंशांची धार असेल आणि वरची जाडी ०.४ मिमी असेल, तर ही पट्टी साधारण अर्धा-पाऊण मिमी रुंद दिसते. ती एक मिमीहून रुंद दिसली तर पाते धारेपाशी जाड आहे हे निश्चित समजावे. पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतरत गेलेले पाते सर्वांत उपयोगी. अर्ध्या रुंदीपर्यंत सपाट ठेवून तिथून पुढे उतार दिलेले पाते चित्रात रुबाबदार दिसते, पण त्याची अर्धी उंची पूर्ण जाडीची राहते आणि बटाट्यात अडकते.

आता लॉक, म्हणजे उघडलेले पाते आपोआप मिटू न देणारी योजना. सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जुन्या पद्धतीच्या चाकूत लॉकच नसते. मुठीच्या पाठीतली पट्टीची स्प्रिंग पात्याच्या बुडावर दाबून राहते आणि पाते उघडे किंवा मिटलेले धरून ठेवते. फळ चिरणे, सुतळी तोडणे, पाकीट फोडणे या कामांना ते पुरते. अट एकच: टोकाने भोसकायचे नाही, भोक पाडायचे नाही, कारण त्या कामात जोर पात्याच्या पाठीकडे जातो आणि पाते बोटांवर मिटते. अशा चाकूत मिटताना ९० अंशांवर एक थांबा दिलेला असला तर फार चांगले, बोटे बाजूला घ्यायला तेवढा वेळ मिळतो. आणखी एक बारीक बाब म्हणजे पात्याच्या बुडाशी, धार सुरू होण्याआधी, खाली सोडलेला छोटा उंचवटा. पाते मिटल्यावर तो स्प्रिंगवर टेकतो आणि धार स्प्रिंगला लागू देत नाही. तो कमी पडला तर नव्या चाकूची धार दर वेळी मिटताना एकाच जागी बोथट होते, आणि दोष मात्र पोलादाला दिला जातो.

लायनर-लॉक हा आज सर्वांत जास्त दिसणारा प्रकार. अमेरिकेतल्या मायकेल वॉकर यांनी १९८० च्या दशकात त्याला आजचे रूप दिले. मुठीच्या आतल्या पत्र्याचा एक भाग चिरून आत वाकवलेला असतो. पाते पूर्ण उघडले की तो पात्याच्या बुडामागे सरकतो आणि पाचरीसारखा अडतो. बुडाचा तो पृष्ठभाग साधारण ७ ते ८ अंशांनी कललेला असावा लागतो. कोन जास्त झाला तर दाबाखाली पत्रा घसरून सुटतो, कमी झाला तर पाचर इतकी घट्ट बसते की अंगठ्याने सोडवताना नख दुखते. नव्या चाकूत हा पत्रा पात्याच्या बुडाच्या रुंदीचा ३० ते ५० टक्के भाग व्यापताना दिसावा. जेमतेम कडेवर टेकला असेल तर तो चाकू घेऊ नये. पलीकडच्या पत्र्याला जाऊन भिडला असेल तर झीज धरायला जागाच उरलेली नाही. पत्रा स्टीलचा असेल तर १.२ मिमीच्या खाली जाऊ नये. टायटॅनियमच्या फ्रेम-लॉकमध्ये, म्हणजे वेगळ्या पत्र्याऐवजी मुठीचीच बाजू चिरून केलेल्या लॉकमध्ये, जिथे पाते टेकते तिथे कडक स्टीलचा छोटा तुकडा बसवलेला असावा, नाहीतर टायटॅनियम पोलादाला चिकटत झिजते.

लॉक तपासायचे ते असे: पाते उघडून बोटे मिटण्याच्या मार्गातून पूर्ण बाहेर ठेवावीत आणि पात्याची पाठ लाकडी टेबलाच्या कडेवर हळूहळू दाबावी. ठोकायचे नाही, दाबायचे. पाते वरखाली हलले तर थांबा-पिन (उघडलेले पाते जिच्यावर टेकून थांबते ती) आणि लॉक यांत फट आहे. मग मूठ घट्ट पिळून पाहावी, कारण काही चाकूंत हाताच्या पकडीनेच पत्रा सरकतो आणि लॉक सुटते. मागच्या पाठीवर दाबून उघडायचे लॉक जास्त भरवशाचे, पण त्याच्या खाचेत खिशातला धागा-कचरा साचला की दांडा पूर्ण बसत नाही. बसल्यासारखा मात्र वाटतो, आणि धोका तिथेच आहे. महिन्यातून एकदा काडीने ती खाच साफ करावी. ओपिनेलच्या मुठीवरची फिरती कडी १९५५ मध्ये आली, आणि इतके साधे, डोळ्यांना दिसणारे लॉक माझ्या मते दुसरे नाही.

मिटलेल्या स्थितीचीही काळजी घ्यावी लागते. लायनर-लॉकमध्ये पत्र्यावर साधारण दीड मिमीची कडक गोळी बसवतात, ती पात्याच्या बुडातल्या भोकात बसून पाते मिटलेले धरते. भोक उथळ असले की चाकू खिशात आपोआप किंचित उघडतो आणि टोक बाहेर येते. मिटलेला चाकू पात्याची उघडी बाजू खाली करून दोन-तीनदा जोरात झटकावा, पाते जागचे हलता कामा नये. मिटल्यावर टोक मुठीच्या कडेच्या किमान एक मिमी आत गेलेले असावे.

पिव्हटबद्दल, म्हणजे पाते ज्या खिळ्यावर फिरते त्याबद्दल, थोडक्यात. पाते आणि मूठ यांमधल्या वॉशरचा (चकतीचा) व्यास १० मिमी असेल आणि तिथे पाच शतांश मिमीची फट राहिली, तर ७५ मिमी लांब पात्याच्या टोकाशी ती साधारण पावणेचार दशांश मिमी होते, म्हणजे हाताला स्पष्ट जाणवते. म्हणून वॉशर जितका मोठा तितके बरे, आणि भोक ड्रिलने न सोडता रीमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) फिरवून नेमके करावे. बॉल-बेअरिंगवर पाते फार सुरेख सरकते, पण चोइथराम मंडीत लसणाच्या आणि कांद्याच्या गोण्या उसवणाऱ्याच्या चाकूत धूळ शिरणारच, आणि बेअरिंगमध्ये ती खरखरते. तिथे फॉस्फर-ब्राँझचा सपाट वॉशर बरा. पिव्हटचा स्क्रू एका बाजूने सपाट केलेला असावा, म्हणजे तो पात्याबरोबर फिरत नाही. त्यावर निळे थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावावे. लाल लावले तर गरम केल्याशिवाय स्क्रू निघत नाही, आणि सहा पाकळ्यांचे बारीक डोके तोवर खराब होऊन जाते.

पोलादाचा क्रम यानंतरच लागतो. सांवेर रोड आणि पीथमपूरच्या टूलरूममध्ये काम केलेल्यांना डी-२ हे पोलाद नवे नाही. डायसाठी (साच्यांसाठी) वापरतात तेच. त्यात क्रोमियम ११ ते १३ टक्के असले तरी बराचसा भाग कार्बाइडमध्ये (कार्बनशी जुळलेल्या कडक कणांत) अडकलेला असतो, त्यामुळे ते खऱ्या अर्थाने स्टेनलेस नाही. लिंबू किंवा कैरी कापून तसेच मिटून ठेवले तर डाग पडतात, पावसाळ्यात गंजाचे ठिपके येतात. एन-३१ या बेअरिंगच्या पोलादाला अतिशय बारीक धार येते, पण ते आणखी लवकर गंजते. फळे-भाजी कापण्यासाठी १४-सी-२८-एन सारखे १४ टक्के क्रोमियमचे बारीक कणांचे पोलाद जास्त सोयीचे. मात्र नुसते नाव पाहून काही कळत नाही. पाणी नीट दिलेले, म्हणजे तापवून-थंड करून नीट कडक केलेले साधे पोलाद, पाणी चुकलेल्या महागड्या पोलादापेक्षा चांगले कापते. खिशातल्या चाकूला ५७ ते ६० रॉकवेल कडकपणा योग्य.

कोणी बनवणार असेल तर एवढे लक्षात ठेवावे: पाणी देण्याआधी धारेपाशी अर्धा ते ०.६ मिमी जाडी शिल्लक ठेवावी. आधीच पातळ केले तर भट्टीत पाते वाकते. डी-२ ला १०१० ते १०२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून हवेत थंड करतात, मग सुमारे २०० अंशांवर दोनदा टेम्पर करतात, म्हणजे ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा तापवतात. भट्टीत पाते स्टेनलेस फॉइलमध्ये गुंडाळले नाही तर वरच्या थरातला कार्बन जातो, आणि नवा चाकू पहिल्या काही धारांपर्यंत मऊच वाटतो. शेवटची घासणी पाण्याच्या धारेखाली करावी. टोकावर निळी झाक दिसली तर तिथला कडकपणा गेला. रस्त्यावर कोरड्या चाकावर धार लावून घेणाऱ्यांचेही हेच नुकसान होते, टोकाशी ठिणग्या उडतात तेव्हा धार जळत असते. घरी पाण्याचा दगड घ्यावा, १८ मिमी रुंद पात्याची पाठ दगडापासून ४ ते ५ मिमी उचललेली ठेवावी, म्हणजे कोन बरोबर येतो. धारेच्या बुडाशी छोटी अर्धगोल खाच असेल तर दगड शेवटपर्यंत पोहोचतो. नव्या चाकूंत ही खाच असणे मला फार आवडते.

मुठीसाठी शिसम सुंदर, पण पावसाळ्यात लाकूड फुगते आणि पाते अडकते. हायलम शीट (राळेत दाबून केलेली कडक पाटी) किंवा विजेच्या कामातली काच-तंतूंची इपॉक्सी शीट स्वस्त आणि पाण्याला न जुमानणारी आहे. ती कापताना-घासताना उडणारी भुकटी फुप्फुसांना घातक असते, तेव्हा मास्क लावून, पाण्यात ओले करूनच काम करावे. मुठीची पाठ बंद न करता मध्ये दोन-तीन नळ्या देऊन उघडी ठेवली तर आंब्याचा रस नळाखाली धुऊन जातो. मग पुसून पिव्हटवर एक थेंब खाद्य दर्जाचे खनिज तेल सोडावे. गोडे तेल नको, काही दिवसांत चिकट होते.

लेखात ‘बोट लावताच स्प्रिंगने उघडणारा’ चाकू हे वैशिष्ट्य म्हणून सांगितले होते. वाचकांसाठी हे सांगणे गरजेचे आहे की मध्य प्रदेशात १९७४ च्या अधिसूचनेप्रमाणे ६ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद धारदार पाते, आणि स्प्रिंगने उघडणारा खटक्याचा चाकू, मग त्याचे पाते केवढेही असो, सार्वजनिक जागी विनापरवाना बाळगणे शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. सियागंजात किंवा ऑनलाइन सहज मिळतो म्हणून तो चालतो असे नाही. नखाच्या खाचेने किंवा पात्यातल्या गोल भोकात अंगठा घालून उघडणारा चाकू हाताच्या जोराने उघडतो, त्यात उघडणारी स्प्रिंग नसते. घरातल्या मुलांना द्यायचा असेल तर दोन हातांनी उघडणाराच द्यावा. विमानात मात्र कोणताही चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही, तो चेक-इन सामानातच जाऊ द्यावा.

यापुढे पुरवणीत अशा वस्तूंची ओळख देताना पात्याची लांबी, पाठीची आणि धारेवरची जाडी, रॉकवेल कडकपणा, लॉकचा प्रकार आणि वजन ग्रॅममध्ये छापावे अशी विनंती आहे. विक्रेता किंवा कंपनी यांतले आकडे देत नसेल तर तेही तसे छापावे.

आपला,
टूलरूममधील एक निवृत्त कारागीर
सुदामानगर, इंदूर