बाबा, त्या फॉर्मवर सही करा

वाखेनिंगन, नेदरलँड्स
२४ सप्टेंबर २०१९

तीर्थरूप बाबांना आणि तीर्थरूप सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

कागदावर पत्र लिहून किती वर्षं झाली! बाबा, फोनवर १९७१ च्या जमालपूरच्या लढाईचा विषय निघाला की तुम्ही ‘घे, आईशी बोल’ म्हणता आणि उठून गोठ्याकडे जाता. पण हातात आलेलं पत्र तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचता, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून लिहिते आहे.

आई म्हणाली, पलटणीतल्या जुन्या मंडळींनी डिसेंबरच्या बांगलादेश सहलीचा फॉर्म पाठवलाय आणि तुम्ही तो देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर पंचांगाखाली ठेवलाय. भरला नाही, पण फाडलाही नाही.

इथे मी गेले चार दिवस काय पाहिलं ते आधी सांगते. आमच्या विद्यापीठापासून सायकलने तासाभराच्या आत ओस्टरबेक लागतं आणि त्याच्या पुढे आर्नहेम. १७ सप्टेंबर १९४४ ला इथे ब्रिटिश सैन्य विमानांतून उतरलं. आर्नहेमचा ऱ्हाइनवरचा पूल ताब्यात घ्यायचा आणि दक्षिणेकडून रणगाडे येईपर्यंत धरून ठेवायचा, असा हुकूम होता. रणगाडे बेल्जियमच्या सीमेवरून यायचे होते, सुमारे १०० किलोमीटर, आणि जवळजवळ सगळी वाट एकाच रस्त्याने. दर सप्टेंबरात त्या लढाईतले जुने सैनिक बसने इथे येतात. यंदा ७५ वर्षं झाली. सगळे नव्वदीच्या पुढचे. खुर्च्या ढकलायला माणसं हवी होती, माझ्या मैत्रिणीच्या आईने मला बोलावलं आणि मी रजा टाकून गेले.

गावात शिरल्यापासून घराघरावर एकच झेंडा दिसत होता. मरून रंगाचा, त्यावर पंखवाला घोडा. पॅराशूटवाल्यांची ती खूण. कुणी सांगितलं म्हणून लावलेले नव्हते ते, दर वर्षी लोक माळ्यावरून काढून इस्त्री करून लावतात.

माझ्या वाट्याला ९५ वर्षांचे एक आजोबा आले. तेव्हा वीस वर्षांचे होते, वायरलेसवर. ७५ वर्षांत एकदाही परत आले नव्हते. यंदा मुलीने आणलं. बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले होते, अगदी तुमच्यासारखे.

शनिवारी गिंकेलच्या माळावर पॅराशूट उतरले, जांभळ्या झुडपांचा माळ माणसांनी भरून गेला होता. त्या लढाईतले ९७ वर्षांचे एक गृहस्थ दुसऱ्या सैनिकाच्या अंगाला बांधून पुन्हा विमानातून उतरले. आमच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या, पण त्यांचं लक्ष तिथे नव्हतं.

मग आम्ही पुलावर गेलो. गाइडने जुना नकाशा उघडला. उत्तरेच्या टोकाला जेमतेम ७४० माणसं पोचली. त्यांचा म्होरक्या जॉन फ्रॉस्ट, त्याची २ पॅरा बटालियन. ४८ तास धरा, मदत येते, असं सांगितलं होतं. त्यांनी २१ तारखेच्या सकाळपर्यंत धरलं. मदत आलीच नाही. आजोबा पुलाकडे बघत हळूच म्हणाले, “हा पूल मी आज पहिल्यांदा बघतोय.” ज्या पुलासाठी त्यांना विमानातून खाली सोडलं, तिथपर्यंत ते तेव्हा पोचलेच नव्हते. ओस्टरबेकमध्येच अडकून पडले, तीन मैल अलीकडे. आणि तो जुना पूलही आता नाही. त्याच ऑक्टोबरात बाँबने पडला, नंतर तसाच पुन्हा बांधला.

बाबा, मी तिथे उभी होते आणि मला टांगाईलजवळचा पुंगलीचा पूल आठवत होता. मी तो पाहिलेला नाही, तुम्हीही चार वाक्यांपलीकडे कधी सांगितलं नाही. पण ११ डिसेंबर १९७१ ला आपली २ पॅरा तिथे उतरली, तिने पूल घेतला, आणि उत्तरेकडून जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा, येऊन तिला मिळाली. तुम्ही त्या पलटणीत होता. इकडच्या २ पॅराने ज्यांची वाट पाहिली ते आले नाहीत. तिकडे तुम्ही आलात. हे मला पुलाच्या कठड्याला धरून उभी असताना पहिल्यांदा नीट कळलं आणि रडू आलं. आजोबांच्या मुलीला वाटलं, मी तिच्या वडलांसाठी रडतेय. दोघांसाठीच होतं ते.

आता खरी गोष्ट. दुपारी ओस्टरबेकमध्ये बस थांबली आणि आजोबांनी मला ते का येत नव्हते ते सांगितलं. मला वाटलं होतं, मेलेल्या मित्रांचं काही असेल. ते होतंच, पण आधी त्यांनी एका कपाटाचं सांगितलं. एका घरात त्यांनी मोर्चा घेतला होता. घरातली माणसं तळघरात. खिडकी बंद करायला यांनी त्यांचं मोठं कोरीव कपाट ओढून लावलं. आतल्या चादरी, चिनी मातीच्या बशा, सगळं जमिनीवर. बाई तळघराच्या जिन्यातून बघत होती, काही बोलली नाही. कपाटाची गोळ्यांनी चाळण झाली. पुढे लढाई हरली. ओस्टरबेकवाले राहिलेले रात्री नदी ओलांडून मागे गेले, जखमी इथेच सुटले. आणि जर्मनांनी आर्नहेम परिसरातल्या जवळपास १ लाख लोकांना घरं सोडायला लावली. त्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमारीने सुमारे २०,००० माणसं मेली. आजोबा म्हणाले, “आम्ही सोडवायला आलो, आणि त्यांचं घर मोडून गेलो. कुठल्या तोंडाने यायचं?”

मैत्रिणीची आई तिथेच होती, तिने हे शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना डच भाषेत सांगितलं. त्या लढाईच्या वेळी नऊ वर्षांच्या होत्या, तळघरातच. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “लाकूड कुठलं होतं, ओक?” आजोबा म्हणाले, आठवत नाही. मग त्या सांगायला लागल्या, की १९४५ च्या उन्हाळ्यात त्या परत आल्या तेव्हा घराला छप्परच नव्हतं, आणि त्यांची आई फक्त शिलाई मशीनसाठी रडली. कपाटाचं तिने नावही काढलं नाही. सैनिकांबद्दल ती एवढंच म्हणायची, पोरं होती ती, त्यांनाही तहान लागली होती. आजोबा ज्या घरात होते ते घर सापडलं नाही, आणि त्या बाईही वेगळ्या घरातल्या. तरी दोघं अर्धा तास बाकावर बसून होती. एकाची भाषा दुसऱ्याला नीट येत नव्हती. संध्याकाळी बसमध्ये आजोबांनी पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

हार्टेनस्टाइन हॉटेलसमोर एक दगड आहे. १९९४ मध्ये जुन्या सैनिकांनीच तो खेल्डरलँडच्या, म्हणजे या प्रांतातल्या, लोकांसाठी बसवला. युद्ध लवकर संपवायला आलो होतो, त्याऐवजी मृत्यू आणि विध्वंस घेऊन आलो, आणि तुम्ही आम्हाला कधीच दोष दिला नाही, असा त्यावरचा मजकूर आहे. मी तो दोनदा वाचला.

बाबा, तुमची बैलजोडी आठवली.

मी दहा वर्षांची असेन. बेंदराला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावता लावता तुम्ही एकदाच सांगितलं होतं. ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पाठीमागे जायचं होतं. पुढे सगळी वाळू, आपल्या गाड्या जाईनात. गावातले लोक बैलगाड्या घेऊन आले. एका म्हाताऱ्याच्या गाडीत तुम्ही मॉर्टरचे गोळे भरले. बैल वाळूत गुडघ्यापर्यंत रुतत होते आणि तो त्यांना न मारता नुसता बोलत होता. तुम्ही हिंदीत म्हणालात, पलीकडे पोचलो की जोडी परत देतो. मग रात्र झाली, फायरिंग सुरू झालं, पुढे जायचा हुकूम आला. म्हातारा, गाडी, बैल, काय झालं ते तुम्हाला कधी कळलंच नाही. तुम्ही २१ वर्षांचे होता. एवढं बोलून तुम्ही पुढच्या शिंगाकडे वळलात. तेव्हापासून बेंदराच्या दिवशी तुम्ही दुपारी जेवत नाही. आई, तू हे कधी बोलली नाहीस, पण ताट तूच झाकून ठेवतेस.

जमालपूरबद्दल लोक वेगळंच सांगतात. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, आणि पाकिस्तानी कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तरात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, ती गोष्ट. मग १० आणि ११ डिसेंबरमधली ती रात्र, त्यांची ३१ बलूच पलटण रस्ता फोडून बाहेर पडायला बघत होती आणि मराठे वाटेत बसले होते. ही गोष्ट मोठी आहेच. मला अभिमान आहे तिचा. पण तुमच्या घशात अडकलंय ते त्या वाळूवरचं, असं मला वाटतं.

तिथे गेल्यावर तो म्हातारा भेटेल असं मी म्हणत नाही. नदीनेही पात्र बदललं असेल. पण त्या गावात कुणी तरी असेल, तेव्हा नऊ-दहा वर्षांचं, ज्याने बापाला गाडी जुंपताना पाहिलं. त्या डिसेंबरात कोण आलं हे तिथे विसरलेलं नाही. दर १६ डिसेंबरला तिथले मुक्तियोद्धे कोलकात्याला फोर्ट विल्यमला येतात आणि आपले जुने सैनिक ढाक्याला जातात, ते उगाच नाही.

दुसरी गोष्ट चंदगडच्या आत्यांची. त्यांच्या भावाला, तुमच्या पलटणीतल्या गड्याला, तुम्ही त्या रात्रीनंतर तिथेच अग्नी दिलात. इथे ओस्टरबेकच्या दफनभूमीत १,७०० हून अधिक थडगी आहेत. परवा रविवारी प्रत्येक थडग्यामागे शाळेतलं एकेक पोर फुलं घेऊन उभं होतं. ही पद्धत १९४५ पासून चालू आहे. खूण झाली की सगळी मुलं एकदम वाकतात. कित्येक दगडांवर नावच नाही, तरी त्यांच्यामागेही पोर उभं असतं. आपल्या माणसाला दगड नाही, थडगं नाही. जागा फक्त तुमच्या डोक्यात आहे. आत्या ४७ वर्षं तुम्हाला राखी बांधताहेत. गेल्या राखीला त्यांनी विचारलं, ‘दादा, नदी दिसत होती का तिथून?’ तुम्ही म्हणालात, ‘धुकं होतं.’ बाबा, त्यांना घेऊन जा. फॉर्मवर कुटुंबातल्या माणसांना परवानगी आहे, आईने वाचून दाखवलं मला.

इथे बघून चार गोष्टी कळल्या, त्या सहल नेणाऱ्यांना आधीच सांगा. आमचा गाइड चांगला होता, कारण त्याने प्रत्येकाला महिनाभर आधी विचारलं होतं, तुम्ही कुठे होता, कुठल्या तुकडीत, काय बघायचंय. प्रत्येक ठिकाणी त्याने दहा मिनिटं बोलून अर्धा तास मोकळा सोडला. तुमच्याकडे भाषणं आणि हार फार होतील. दिवसाला एकच सत्कार घ्या म्हणावं. जिथे जायचंय तिथे सकाळी न्या, दुपारनंतर माणूस थकतो. आणि जागा ओळखू आली नाही तर घाबरू नका. इथे कुणालाच काही ओळखू येत नव्हतं, झाडंच इतकी वाढली आहेत. फक्त खालच्या ओस्टरबेकचं जुनं चर्च पाहिल्यावर दोघातिघांनी एकदम काठ्या वर केल्या.

आई, तुझ्या गुडघ्यांचं मी विचारून घेतलंय. बसमध्ये पुढची जागा मिळते, जिने चढायचे नाहीत. पैशाचं बोलू नका, ते मी बघते. धारा काढायला धाकट्या काकांचा अमोल येतो म्हणालाय, मीच त्याला फोन केला. आत्यांचा पासपोर्ट मात्र नाही, त्याला वेळ लागेल, म्हणून हे काम दिवाळीपर्यंत थांबवू नका. याच आठवड्यात त्यांना गडहिंग्लजला बोलावून घ्या आणि तिघांचे फोटो एकदमच काढा.

बाबा, फॉर्मच्या शेवटी ‘विशेष भेट द्यायची ठिकाणं’ असा रकाना आहे म्हणे. तिथे जमालपूरसमोरचा पलीकडचा काठ लिहा, गाड्या जिथून वाळूत उतरल्या तो. त्यांतला एक बैल कोसा होता आणि त्याचं डावं शिंग मोडलेलं होतं, असं तुम्ही मला सांगितलं होतं. तेही लिहा. रकाना पुरला नाही तर मागच्या कोऱ्या बाजूला लिहा.

तुमची लेक