अमोघ, दोन रिपोर्ट एकच समजू नकोस

पुणे ९, मंगळवार

चि. अमोघ यास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू श्रीखंडाची वाटी बाजूला सारलीस तेव्हा मला खरं तर बरंच वाटलं होतं. बिनसलं ते पुढे, मी कोलेस्टेरॉलच्या गोळीचं विचारल्यावर. केतकीनं विषय बदलला नसता तर तू पानावरून उठलाच असतास. फोनवर आपल्या दोघांचाही आवाज चढतो, म्हणून लिहायला बसले. गोळीबद्दल फार लिहायचं नाही असं ठरवूनच बसलेय.

आधी कौतुकाचं. तीन महिन्यांची साखर ६.२ वरून ५.८ वर आणणं ही सोपी गोष्ट नाही. हिंजवडीतून रात्री नऊला घरी पोचणारा माणूस पहाटे बाणेरची टेकडी चढतो, रात्रीचा भात सोडतो, सहा किलो उतरवतो. नलूमावशीला त्याच दिवशी फोन करून सांगितलं. खालच्या जोशीकाकूंनाही. ओवी म्हणाली, "आजी, बाबा आता माझ्याबरोबर पळतो," तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं.

आणि साखरेच्या बाबतीत "पथ्य आणि टेकडी पुरे" हे तुझं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी तुझ्यासारख्याच, म्हणजे काठावर असलेल्या ५३१ जणांचा अभ्यास केला होता, २००६ मध्ये तो छापून आला. विशेष काही न केलेल्यांपैकी ५५ टक्के लोक तीन वर्षांत मधुमेही झाले. चालणं-खाणं सांभाळणाऱ्यांत ते प्रमाण ४० च्या आसपास आलं, मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीवर असलेल्यांतही तितकंच, आणि दोन्ही करणाऱ्यांना वेगळा फायदा दिसला नाही. म्हणूनच तुझ्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिनची घाई केली नाही. त्यातून तुझं बी-१२ आधीच कमी, आणि ते औषध वर्षानुवर्षं घेतलं तर आणखी उतरू शकतं. तेव्हा टेकडी चालू ठेव. फक्त "आता मी बारीक झालो, सुटलो" असं म्हणू नकोस. आपल्या केईएममधल्या डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये स्वतःचा आणि एका ब्रिटिश डॉक्टरांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३, पण त्या डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. आपल्याकडे वजनकाट्यावर सगळं दिसत नाही.

पण एलडीएल, ते वाईट कोलेस्टेरॉल, अमोघ. एवढं सगळं करून १८४ चं १६९ झालं.

यात तुझं काही कमी पडलेलं नाही, हे आधी मनात पक्कं धर. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीरच तयार करतं, त्यामुळे ताटातून काढून ते थोडंच उतरतं. वजन कमी झालं की साखर ऐकते, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबीही ऐकते. तुझं २४० चं १३० झालंच की! एलडीएल तसं ऐकत नाही, घराण्यातून आलेलं तर नाहीच.

लॅबमध्ये होते तेव्हाचं एक सांगते. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या मशीनमधून, रक्ताची नळी बाहेर काढली की लाल पेशी खाली बसलेल्या असतात आणि वर सीरम, म्हणजे रक्तातलं पाणी. ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं असलं तर ते सीरम दुधासारखं पांढुरकं दिसतं, नळी उजेडात धरायचीसुद्धा गरज नाही. नुसतं एलडीएल वाढलेलं असलं तर मात्र सीरम स्वच्छ, पिवळं, नितळ. चांगल्या माणसाचं असावं तसंच. मशीनचा आकडा येईपर्यंत कुणाला काही कळत नाही.

बाबांचं तसंच होतं. तू सहावीत होतास, तुला ते पर्वतीवर न्यायचे एवढंच आठवत असेल. रोज पहाटे चढायचे, पाऊस असला तरी. कमरेला पट्टा शेवटच्या भोकावर. विडी नाही, सुपारी नाही, चहातसुद्धा साखर अर्धा चमचा. तूप मी बंद केलं, तर म्हणाले, "पुरणपोळीवर तरी सोड." तिथेही थेंब घातला नाही मी. (हे लिहिताना आत्ता हसू आलं, मग थांबावं लागलं.) टोटल कोलेस्टेरॉल २७८ आलं होतं. त्या वेळच्या डॉक्टरांनी पथ्य आणि चालणं एवढंच सांगितलं, आणि बाबांनी ते अक्षरशः पाळलं. १९९३ च्या नोव्हेंबरात गेले. सेहेचाळीसाव्या वर्षी.

१९९५ मध्ये स्कॉटलंडमधली चाचणी छापून आली. ६,५९५ पुरुष, कुणालाच आधी झटका आलेला नव्हता, सरासरी कोलेस्टेरॉल २७२. स्टॅटिनची, म्हणजे तुला दिलीय तसली कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके आणि त्यातून होणारे मृत्यू मिळून ३१ टक्क्यांनी कमी. पुढे कितीतरी वर्षांनी मी ते वाचलं आणि तो २७२ चा आकडा डोक्यातून जाईना. तू पथ्य आणि टेकडी म्हणतोस ना, तेव्हा मला पर्वती दिसते रे.

झालं, गोळीवरच आले.

तू म्हणालास की स्टॅटिननं साखर वाढते, मग एवढी मेहनत कशाला घालवू. वाचलंयस ते खोटं नाही. २०१० मध्ये तेरा चाचण्यांचा एकत्र हिशेब निघाला. २५५ जणांनी चार वर्षं गोळी घेतली तर मधुमेहाचा एक रुग्ण जास्त. तेवढ्याच लोकांत टळणारे झटके मात्र एकाहून बरेच जास्त. आणि तो एक बहुधा साखरेच्या काठावरचाच असतो, म्हणजे तुझी टेकडी गोळीबरोबर तर जास्तच कामाची. एक घेतलं म्हणून दुसरं सोडायचं असं कुणी म्हणतच नाहीये. डॉक्टरांनी तुला १० मिलिग्रॅम लिहून दिलीय, त्यानं एलडीएल ३० ते ५० टक्के उतरतं. कोणत्या पथ्यानं उतरेल तेवढं?

"एकदा सुरू केली की आयुष्यभर" हे तुझं दुसरं. नलूमावशी इतकी वर्षं उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी घेते, तिच्या आयुष्याचं काय अडलं? पायात गोळे आले, अंग दुखायला लागलं तर डॉक्टरांना सांगायचं, डोस बदलतात, औषध बदलतात. आपल्या मनानं बंद करायची नाही. आणि विनूमामाचं ऐकून लसूण-दालचिनीच्या काढ्यावर तर मुळीच जायचं नाही. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस तू, दोन डिग्र्या आहेत...

पुन्हा सुरू झालं माझं. रागावू नकोस. तुझं शरीर, निर्णय तुझाच, हे मला कळतं, आणि केतकी आहे तिथे. पण रात्री अडीचला जाग येते तेव्हा मी काही समजूतदार वगैरे नसते. तू त्या बाबतीत हुबेहूब बाबांवर गेलायस, हट्टीपणातही आणि पथ्य पाळण्यातही, आणि मला त्याचाच अभिमान वाटतो आणि त्याचीच भीती.

तर एवढंच कर. शनिवारी डॉक्टरांकडे जाशील तेव्हा बाबांचं वय आणि तो २७८ चा आकडा त्यांना स्पष्ट सांग. फॅमिली हिस्टरीच्या रकान्यात तू नुसतं "हार्ट" लिहिलंयस, मी फॉर्म पाहिलाय. सेहेचाळीस हे वय लिहिलं की त्यांचा सगळा हिशेब बदलतो. गोळी सुरू केलीस तर सहा-आठ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल, ती कोलेस्टेरॉलची तपासणी, पुन्हा करायचं. रिपोर्ट मला पाठव, मी फोन करून काही बोलणार नाही. पाठव मात्र.

ओवीला थालीपीठाची भाजणी दळून ठेवलीय, येताना डबा घेऊन ये. केतकीला आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. क. — गोळी सुरू करण्याआधी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची तपासणी, बघितलंय का ते विचार. थायरॉईड मंद असलं तरी एलडीएल चढतं, आणि नलूमावशीचं आहे, माझंही काठावर आहे. तुझ्या फाइलमध्ये तो रिपोर्ट मला दिसला नाही. यकृताचं एसजीपीटी आहे, पण गेल्या वर्षीचं.