रॉकेटची बॉडी इथं होते की ओ, इंधनाच्या नादाला कशाला लागता

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

कॉलेजच्या पोरांनी रॉकेट केलं अशी बातमी पेपरात आली की वाचून बरं वाटतं, पण त्यात दोनच गोष्टी असतात, रॉकेट किती फूट गेलं आणि पाहुणे कोण कोण आलते. बॉडी कशाची, आत मोटर कुठली, परवानगी कुणाची, एक अक्षर नसतं. माझा सोलापूरच्या एमआयडीसीत फायबरचा धंदा आहे, टाक्या, कूलरच्या बॉड्या, पत्रे असली कामं. हल्ली इंजिनिअरिंगची पोरं रॉकेटचे पंख आणि नळ्या घेऊन आमच्याकडं यायला लागलीत, म्हणून चार ओळी लिहितोय.

हे काय दिवाळीचं रॉकेट नव्हे. मोटरला, म्हणजे इंधन भरलेल्या ज्या नळीच्या जोरावर रॉकेट उडतं तिला, ए, बी, सी अशी अक्षरं असतात आणि दर अक्षराला ताकदीची मर्यादा डबल होते. जी पर्यंत साधं, १६० न्यूटन-सेकंदाच्या (हे मोटरच्या एकूण ताकदीचं माप) वर गेलं की एच लागतो आणि तिथनं हाय पॉवर सुरू. अमेरिकेत तसली मोटर वापरायची तर आधी लेव्हल वनचं सर्टिफिकेट लागतं, स्वतः बनवलेलं रॉकेट जाणकारांसमोर उडवायचं आणि ते परत उडवता येईल इतकं धड खाली यायला पाहिजे, तेव्हा कुठं मिळतं. म्हणजे तिथं सुद्धा परीक्षा जास्त करून बॉडीची आणि पॅराशूटचीच होते, आगीची नाही.

जसजशी मोटर मोठी तसं नुसत्या पुठ्ठ्याच्या नळीचं काम राहत नाही, वेगात पंख फडफडायला लागतात आणि मुळातनं उपटून जातात. म्हणून फायबरग्लासचं कापड एका पंखाच्या टोकापासून नळीवरनं दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत सलग चढवायचं, इपॉक्सीत, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये, भिजवून. आता इथं आमचेच कारागीर गडबडतात. आम्हाला सवय पॉलिस्टर रेझिनची, त्यात कॅटॅलिस्ट जरा जास्त पडलं तर लवकर सेट होतं, कमी पडलं तर उशिरा, चालून जातं. इपॉक्सीत हे चालत नाही बघा. एलवाय ५५६ रेझिन घेतलं तर त्याला एचवाय ९५१ हार्डनर वजनानं १०० ला १०, त्यात अंदाजपंचे नको, सराफाकडं असतो तसला बारका काटा पाहिजे, कारण जादा हार्डनर टाकून ते लवकर होत नाही, उरलेला तसाच आत राहतो आणि माल मऊ पडतो.

त्यात आपलं ऊन. तापमान १० डिग्री वाढलं की कालवलेली इपॉक्सी घट्ट व्हायच्या आत काम करायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो, २५ डिग्रीला अर्धा तास मिळत असेल तर मे महिन्यात दुपारी दहा मिनिटं मिळाली तरी नशीब, आणि सगळं एकदम मगात कालवून ठेवलं तर ते आपोआप तापून धूर काढायला लागतं. पसरट ट्रेमध्ये ओतायचं आणि पहाटे उठून काम उरकायचं, दुसरा इलाज नाही. पण उन्हाळ्यात आपली हवा कोरडी असते हा फायदा पण आहे, मुंबईच्या दमट हवेत वर जो मेणचट थर येतो आणि त्यावर पुढचा कोट धरत नाही, तो त्रास इथं कमी.

खरी मजा व्हॅक्युम बॅगिंगमध्ये, म्हणजे ओलं काम प्लॅस्टिकखाली बंद करून आतली हवा पंपानं ओढून दाबायचं. ओल्या कापडावर पील प्लाय, म्हणजे सिलिकॉन-बिलिकॉनचं फिनिशिंग नसलेलं साधं पॉलिस्टर कापड, त्यावर हवा जायला वाट राहावी म्हणून ब्रीदर, त्यावर प्लॅस्टिक, कडेनं गाडीची काच बसवणाऱ्यांकडं मिळते ती बुटाईल टेप, आणि एसी दुरुस्तीवाल्याचा व्हॅक्युम पंप. मध्ये एक डबा ठेवायचा नाहीतर रेझिन पंपात जाऊन पंप कायमचा बसतो. ब्रीदरचे बाहेर रोल विकत मिळतात, महाग असतात, अन् आमच्याकडं टॉवेल आहे की ओ! सोलापुरी टेरी टॉवेल, सेकंडचा माल, कोरडा ठणठणीत, त्याचे लूप दाबाखाली सुद्धा हवेला जागा ठेवतात. पंप चालू केला की कान लावून बसायचं, कुठंतरी बारीक सूं आवाज येतो, तिथं टेप दाबायची, मग प्लॅस्टिक एकदम आक्रसतं आणि जादा रेझिन पील प्लायमधनं वर येऊन टॉवेलात जातं. आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहोत त्यामुळं व्हॅक्युमचा काटा इथं समुद्रकाठच्यापेक्षा जरा अलीकडंच, पाऱ्याच्या २८ इंचाच्या आसपास थांबतो, पोरांना वाटतं पंप गेला, पंपाला काय झालेलं नसतं. तेवढ्यात सुद्धा दर चौरस फुटावर नऊशे किलोच्या आसपास दाब पडतो, म्हणून तर नळीच्या आत घट्ट गाभा घालायला लागतो, नाहीतर नळी चपटी.

एवढा उपद्व्याप कशाला, तर वजनासाठी. जादा रेझिन म्हणजे शेपटीकडं जादा वजन, आणि रॉकेट सरळ जायचं तर त्याचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या मध्यापेक्षा नळीच्या एक-दोन व्यासाइतका पुढं पाहिजे. शेपूट जड झाली की नाकात शिसं भरा, मग सगळंच जड. अजून एक, पोरं सँडिंग करताना तोंडाला रुमाल बांधतात, तो काय कामाचा नाही, ती काचेची धूळ आहे, मास्क पाहिजे आणि इपॉक्सीला ग्लोव्हज पाहिजेत.

सांगायचा मुद्दा, कापड ओळखणारी माणसं इथं, युनिफॉर्म शिवणारे कारखाने इथं जे पॅराशूट सहज शिवून देतील, फायबरवाले इथं. बॉडी आपल्याकडं एक नंबर होऊ शकते. पण पोरांना घाई आगीची, आणि साखरेचा जिल्हा म्हणून की काय, साखरेचं इंधन घरी शिजवायचे व्हिडिओ बघतात. सर लोकांना माहिती असतं आणि ते गप्प बसतात, फोटो येतो ना पेपरात. हे थांबलं पाहिजे, यात हातपाय जातात. स्फोटकांचे परवाने नागपूरच्या पेसोकडून, म्हणजे केंद्राच्या स्फोटक सुरक्षा खात्याकडून असतात, त्या वाटेनं जायचं नसेल तर मोटरला हात लावू नये. इन-स्पेसची, म्हणजे खाजगी अवकाश कामं बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेची, विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट्रीची स्पर्धा असते, तिथं देखरेखीखाली उडवता येतं, तिथं जावा.

इथंच उडवायचं असेल तर जागा ठरवून द्यायला पाहिजे. होटगी रोडच्या विमानतळावर विमानं सुरू झालीत, तिकडं प्रश्नच नाही, नान्नजचा माळ मोकळा दिसतो पण तो माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याचा आहे. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर दारूकाम होतं तेव्हा परवानगी, अंतर, बंदोबस्त सगळं होतंय ना, मग वर्षातनं एखादा दिवस एखाद्या पडीक रानात पोरांसाठी का होऊ नये, जिल्हा प्रशासनानं मनावर घेतलं तर होईल. आणि आयटीआय, पॉलिटेक्निकनं व्हॅक्युम बॅगिंगचा छोटा कोर्स काढावा, रॉकेट नाही उडलं तरी पवनचक्कीची पाती आणि ड्रोनच्या बॉड्या याच पद्धतीनं होतात, पोटापाण्याचं काम आहे.

तुम्हाला एकच विनंती, पुढच्या बातमीत मोटरचं अक्षर आणि परवानगी कुणाची होती तेवढं छापा. आणि कुठल्या कॉलेजला बॉडीचं काम बघायचं असेल तर रविवारी आमचं शेड रिकामं असतं, पोरांबरोबर सरांनी पण यायचं, ग्लोव्हज आपापले आणायचे, टॉवेल मी देतो.

आपला,
एक फायबरवाला, सोलापूर