नऊ वेळा जिंकल्यावर हाती किती उरते, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या अर्थपुरवणीत निवृत्तांना ऑप्शन (ठरलेल्या भावाला खरेदी-विक्रीचा हक्क देणारे शेअर बाजारातले करार) विकून दरमहा उत्पन्न मिळवायला सांगणारा अर्ध्या पानाचा लेख वाचला. रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून आज हे पत्र. जागेअभावी काटछाट करावी लागली तर जरूर करा, फक्त आकडे कापू नका.

लेखक म्हणतात, निफ्टी या शेअर निर्देशांकाच्या बऱ्याच खालचा पुट (निर्देशांक त्या पातळीखाली गेला तर विकणाऱ्याने भरपाई द्यायची, असा ऑप्शन) विकायचा, त्याच्याही खालचा एक विकत घ्यायचा आणि मधला प्रीमियम, म्हणजे दोन्हींच्या किमतीतला फरक, खिशात टाकायचा. दहापैकी नऊ वेळा नफा, तोटा मर्यादित. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले आहे. त्यांच्याच उदाहरणात दोन स्ट्राइकमध्ये, म्हणजे दोन पुटांच्या ठरलेल्या पातळ्यांमध्ये, 200 अंकांचे अंतर आहे आणि हाती येणारा प्रीमियम 20 अंक. म्हणजे मिळाले तर 20, गेले तर 180. नऊ वेळा 20 मिळाले, झाले 180. दहाव्या वेळी 180 गेले. उरले शून्य. अजून ब्रोकरेज, एसटीटी (शेअर व्यवहारांवरचा कर), एक्स्चेंजचे शुल्क, जीएसटी वजा व्हायचे आहेत. त्या पुटांचे भाव बाजाराने ही शक्यता धरूनच लावलेले असतात. नाशिकच्या पेन्शनरांवर दया म्हणून कोणी प्रीमियम देत नाही. आठवीच्या वर्गाला फळ्यावर दाखवता येईल असा हा हिशेब अर्ध्या पानात कुठेच कसा आला नाही?

आणि तोटा मर्यादित म्हणजे किती? शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने किमान कराराची रक्कम वाढवल्यावर नोव्हेंबर 2024 मध्ये निफ्टीचा लॉट, म्हणजे एका करारातली किमान संख्या, 25 वरून एकदम 75 वर गेला. एका लॉटमागचा 180 अंकांचा तोटा 4,500 रुपयांवरून 13,500 वर गेला. ‘छोट्या रकमेपासून सुरुवात करा’ असे आजही लिहिणाऱ्याने हे सांगायला नको होते का?

माझे थोरले दीर सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये मोफत व्याख्यान झाले, मग फी भरून क्लास, मग मोबाइलवरचा ग्रुप. काही महिने खरोखरच पैसे आले. भाऊजी दर गुरुवारी संध्याकाळी फोन करून सांगायचे, ‘आजचा प्रीमियम पूर्ण खाल्ला.’ तेव्हा एक्स्पायरी (करार संपण्याचा दिवस) गुरुवारी असे. घरात सगळ्यांना कौतुक होते, जाऊबाईंनाही.

मग आली लोकसभेची मतमोजणी. सोमवारी, 3 जून 2024 ला, एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी 733 अंकांनी वाढून 23,263 वर बंद झाला. भाऊजींनी 22,500 चा पुट विकला आणि 22,300 चा घेतला, दोन्ही त्याच आठवड्याचे, आणि नेहमीपेक्षा जास्त लॉट. साडेसातशे अंकांचे अंतर आहे, एवढा कोण पडतोय, असे ग्रुपवर सगळेच म्हणत होते. दुसऱ्या दिवशी निफ्टी दिवसभरात 21,281 पर्यंत खाली गेला. सकाळीच ग्रुपवर निरोप आला: खरेदी केलेला पुट भरपूर नफ्यात आहे, तो बुक करा, बाजार इथून वळणार. भाऊजींनी तो विकला. त्याबरोबर हेज, म्हणजे तोटा अडवणारे कुंपण, गेला, उरलेल्या विकलेल्या पुटाचे मार्जिन (ब्रोकरकडे ठेवायची अनामत) कित्येक पटींनी वाढले आणि खात्यात तेवढे पैसे नव्हते. ब्रोकरच्या यंत्रणेने त्यांना न विचारता तो पुट बाजारभावाने परत घेतला, तोही नेमका भाव सर्वांत चढलेला असताना. दोनशे अंकांच्या आत राहणार होता तो तोटा, कुठल्या कुठे गेला. गुरुवारी, 6 जूनला, निफ्टी 22,800 च्या वर बंद झाला. म्हणजे त्या माणसाने काहीच केले नसते, तर दोन्ही पुट शून्यावर संपले असते आणि प्रीमियम घरात राहिला असता.

खात्यातली तूट भरायला जाऊबाईंच्या नावची मुदत ठेव मोडली. त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन त्या ठेवीवर ठरले होते. क्लासवाल्यांना विचारायला गेलो, तर उत्तर मिळाले, ‘काका, तुम्ही शिस्त पाळली नाही.’ निरोप त्यांच्याच ग्रुपवरचा आणि शिस्त काकांनी पाळायची! वर पुढच्या बॅचला सवलत देऊ केली. सत्तरीकडे झुकलेल्या माणसासमोर असे बोलताना त्या तरुणाच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसले नाही.

तुमचे लेखक म्हणतील, हा अपवाद. तर सेबीचा सप्टेंबर 2024 चा अहवाल पाहावा. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा 1.8 लाख कोटींहून अधिक, माणशी सरासरी सुमारे दोन लाख. ‘हरतात ते ऑप्शन विकत घेणारे, आपण तर विकणारे’ हे पालुपद त्या हॉलमध्येही ऐकले होते. मोठा नफा कोणी कमावला तेही त्याच अहवालात आहे: स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या दलाली पेढ्या आणि परदेशी गुंतवणूक संस्था, आणि त्यांचा 95 टक्क्यांहून अधिक नफा संगणकाने आपोआप केलेल्या व्यवहारांतून. भाऊजी मोबाइल हातात धरून यांच्यासमोर बसले होते.

दहापैकी नऊ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात जातात, ही सूचना 2023 पासून प्रत्येक ब्रोकरला लॉगिन करताना ग्राहकाला दाखवावीच लागते. ब्रोकर दाखवतो आणि वर्तमानपत्र दाखवत नाही, याला काय म्हणावे? लेखकाची ओळख फक्त ‘बाजार अभ्यासक’ अशी दिली आहे. ते सेबीकडे नोंदणीकृत असतील तर नोंदणी क्रमांक छापा. क्लास चालवत असतील तर तेही छापा.

करांबद्दल तर एक ओळही नाही. निवृत्तांसाठी लिहायचे तर आधी तेच सांगायला हवे. हे उत्पन्न व्यवसायाचे धरले जाते. म्हणजे पेन्शनरांचे साधे आयकर विवरणपत्र आयटीआर-1 गेले, व्यवसायाचे आयटीआर-3 आले. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या साठीपुढच्या माणसाला अग्रिम कर माफ असतो, तीही सवलत जाते. भाऊजींना हे सीएकडे गेल्यावर कळले, आणि सीएची फी वेगळी.

शिवाय लेखातला ‘मुदतीआधीच शेअर अंगावर येऊ शकतात’ हा इशारा अमेरिकेतल्या एसपीवायसारख्या इंडेक्स फंडावरच्या ऑप्शनला लागू पडतो. निफ्टीचे ऑप्शन मुदतीलाच आणि रोखीत मिटतात. जो धोका इथे नाही त्याचा इशारा दिला आणि जो आहे तो गाळला, यावरून मजकूर कुठून उचलला ते दिसते. छापण्यापूर्वी कोणी वाचत नाही का?

माझी मागणी एवढीच आहे की येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत, 20 आणि 180 चा हिशेब आणि सेबीचे आकडे द्यावेत. कोपऱ्यातली दोन ओळींची दुरुस्ती नको.

आणखी एक. या लेखमालेला जागा करण्यासाठी लासलगावचे कांद्याचे रोजचे भाव आतल्या पानावर इतक्या बारीक टायपात ढकलले आहेत की भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. निफाड-चांदवडकडे तुमचा अंक त्या भावांसाठीच घेणारी घरे आहेत, माझे माहेर त्यातलेच. ते भाव पूर्वीच्या जागी आणि पूर्वीच्या टायपात द्यावेत.

कळावे,
एक निवृत्त गणित शिक्षिका, इंदिरानगर, नाशिक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)